मूळ ग्रंथ आणि प्रौढ विद्यार्थी : यहुदी अध्ययनपद्धतींची समीक्षा

धर्मग्रंथ प्रौढांना कसा शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहता अध्यापनशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो अधिकाराचा प्रश्न आहे. प्रौढ मनुष्य आपले आयुष्य, आपला व्यवसाय आणि आपल्या शंका बरोबर घेऊन वर्गात येतो. त्याच्या हाती ग्रंथ द्यावयाचा, की ग्रंथाचे सार द्यावयाचे? त्याने अर्थ ऐकावयाचा, की अर्थ लावावयाचा? गेल्या शंभर वर्षांत यहुदी समाजाने या प्रश्नाची जी नानाविध उत्तरे प्रत्यक्ष प्रयोग करून शोधली, त्यांची समीक्षा प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. पाली शिकविणाऱ्यांना या विषयाचे अगत्य का वाटावे, हे या नियतकालिकाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. तथापि तुलनेचा मोह आवरून आम्ही येथे मुख्यतः यहुदी परंपरेविषयीच लिहिणार आहोत.

या परंपरेत उशिरा शिकणाऱ्याला मानाचे स्थान आहे. रब्बी अकिवा चाळीस वर्षांचा होईतो निरक्षर होता. पुढे तो आपल्या मुलाबरोबर बालकांच्या शिक्षकापुढे पाटी धरून बसला, अशी कथा प्राचीन ग्रंथांत येते. मात्र या गौरवाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुलीला तोरा शिकवू नये, असे रब्बी एलिएझरचे कठोर मत मिश्नेत नोंदले आहे. त्याच ठिकाणी बेन अझ्झाईचे त्याविरुद्धचे मतही आहे. व्यवहारात पहिल्याचे मत चालले आणि तालमूदचे अध्ययन शतकानुशतके पुरुषांच्या हाती राहिले. म्हणून यहुदी प्रौढशिक्षणाचा इतिहास हा ज्ञानप्रसाराचा इतिहास आहे तसाच बंद दार उघडण्याचाही आहे. कोणती पद्धत दार उघडते आणि कोणती केवळ खिडकीतून आतले दाखविते, हे तपासणे समीक्षकाचे काम होय.

एक वचन, दोन विग्रह

सर्व पद्धती एकाच कसोटीवर घासून पाहाव्यात, या हेतूने आम्ही एक वचन निवडले आहे. 'निर्गम' ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मिसरचा राजा शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींना आज्ञा करतो, की इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर त्याला जन्मतःच मारावे. त्या सुइणी राजाज्ञा मोडतात आणि मुले जगवितात. या सुइणी कोण होत्या? मूळ हिब्रू शब्दबंधाचा अर्थ 'इब्री असलेल्या सुइणी' असा होतो, तसाच 'इब्री स्त्रियांच्या सुइणी' असाही होऊ शकतो. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर तो कर्मधारय मानावा की षष्ठी तत्पुरुष, हा वाद आहे. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात. अक्षरे दोन्ही अर्थ सारख्याच निमूटपणे धारण करतात. परंपरेने पुढे निश्चित केलेली स्वरचिन्हे पहिल्या अर्थाला अनुकूल आहेत, तर प्राचीन ग्रीक भाषांतराने दुसरा अर्थ घेतला. एका स्वराचा हा फरक आहे.

त्या इब्री असतील, तर ही आपल्या लोकांना वाचविणाऱ्या दोन शूर स्त्रियांची कथा ठरते. त्या मिसरी असतील, तर ती परक्यांची मुले वाचविण्यासाठी स्वतःच्या राजाची आज्ञा मोडणाऱ्या स्त्रियांची कथा होते. राशी (१०४० ते ११०५) या श्रेष्ठ टीकाकाराने, ज्याच्या टीकेचे स्थान साधारणतः आपल्याकडील अट्ठकथेसारखे आहे, परंपरेला अनुसरून त्या सुइणी म्हणजे मोशेची आई योखेबेद आणि बहीण मिर्याम असे म्हटले. पंधराव्या शतकातील अबार्बनेलने विचारले, की स्वतःच्याच लोकांची मुले मारण्याचे काम इब्री स्त्रियांवर सोपविण्याचा भरवसा राजाला कसा वाटेल? त्याच्या मते त्या मिसरी होत्या.

आमची कसोटी एवढीच आहे : एखाद्या पद्धतीने शिकलेला प्रौढ विद्यार्थी हा प्रश्न स्वतः पाहू शकतो काय? आणि पाहिल्यावर वचनाच्याच आधाराने एका बाजूस उभा राहू शकतो काय?

फ्रँकफुर्टचे अध्ययनगृह

आधुनिक काळातील पहिला मोठा प्रयोग फ्रान्झ रोझेन्झ्वाइग (१८८६ ते १९२९) या जर्मन तत्त्वचिंतकाचा. १९१३ साली तो ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला होता. तेथून परतून त्याने यहुदी ग्रंथांचा अभ्यास आरंभिला. १९२० साली फ्रँकफुर्ट येथे त्याने प्रौढांसाठी 'मुक्त यहुदी अध्ययनगृह' चालू केले. त्याचा सिद्धांत असा, की पूर्वी अध्ययन तोरेकडून जीवनाकडे जाई. आता ते उलट दिशेने, जीवनाकडून तोरेकडे गेले पाहिजे. वैद्य, वकील, व्यापारी, गृहिणी यांनी आपापल्या जीवनातून उठलेले प्रश्न घेऊन ग्रंथाकडे यावे. शिक्षकही शिकणाऱ्यांतलाच असावा. त्यानुसार रिखार्ड कोख हा वैद्य आणि एडुआर्ड स्ट्राउस हा रसायनशास्त्रज्ञ तेथे शिकवीत. मार्टिन बूबर, गेर्शोम शोलेम, एरिख फ्रॉम यांच्यासारखी माणसेही तेथे अध्यापक होती. बहराच्या काळात विद्यार्थ्यांची संख्या हजारावर गेली.

हा प्रयोग थोर होता, यात संशय नाही. परंतु व्याख्यानांना मोठी गर्दी होई, तर मूळ हिब्रू ग्रंथ वाचणारी मंडळे लहानच राहिली. श्रोत्याला आदराने वागविले म्हणजे त्याचा वाचक होतोच असे नाही. सुइणींविषयीचे उत्तम व्याख्यान ऐकून मनुष्य भारावून घरी जाईल. पण तो एक स्वर, ज्यावर सर्व अर्थ लटकला आहे, त्याच्या दृष्टीस पडणार नाही. ही मर्यादा रोझेन्झ्वाइगने ओळखली नव्हती असे नाही. १९२२ पासून पक्षाघातासारख्या असाध्य व्याधीने तो जखडत गेला. तशा अवस्थेत १९२५ साली त्याने बूबरसह हिब्रू बायबलचे जे जर्मन भाषांतर हाती घेतले, त्यात मूळ भाषेची वळणे मुद्दाम राखली. वाचकाला जर्मन वाचतानाही आपण परक्या भाषेपुढे उभे आहोत हे जाणवावे, असा त्यामागील हेतू होता.

१९३३ साली, नाझी राजवट आल्यावर, बूबरने हे बंद पडलेले अध्ययनगृह पुन्हा उघडले. विद्यापीठांची व नोकऱ्यांची दारे बंद झालेल्या माणसांनी त्या काळात एकत्र बसून ग्रंथ वाचले. १९३८ मध्ये तेही संपले. जो समाज बाहेरून नाकारला जात होता, त्याला आपल्या ग्रंथासमोर ताठ बसता यावे, एवढेही मोल कमी नव्हते. पद्धतीचे दोष दाखविताना हे विसरणे अन्यायाचे होईल.

नेहामा लायबोविट्झ यांची प्रश्नपत्रके

आमच्या मते या शतकभरातील सर्वांत मौलिक काम एका शिक्षिकेचे आहे. नेहामा लायबोविट्झ (१९०५ ते १९९७) यांचा जन्म रीगा येथला. १९३० साली मारबुर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्या पॅलेस्टाइनला आल्या. १९४२ साली किब्बुट्झमधील काही स्त्रियांनी, वर्ग संपल्यावरही अभ्यास चालू राहावा म्हणून, त्यांच्याकडे मार्गदर्शन मागितले. त्यातून 'गिल्योनोत' म्हणजे प्रश्नपत्रके सुरू झाली. प्रत्येक आठवड्याच्या तोरापाठावर एक पत्रक. त्यात वचन, दोनतीन टीकाकारांची परस्परविरोधी मते आणि प्रश्न. अवघड प्रश्नाला एक फुली, अतिशय अवघड प्रश्नाला दोन फुल्या. उत्तरे टपालाने येत. बाई ती लाल शाईने तपासून परत पाठवीत. १९७१ पर्यंत, सुमारे तीस वर्षे, नवी पत्रके निघत राहिली. शेतकरी, सैनिक, परिचारिका, शिक्षक अशा सर्व थरांतील लोक ती सोडवीत. यात परीक्षा नव्हती, पदवी नव्हती.

त्यांचा आवडता प्रश्न होता : राशीला येथे कोणती अडचण वाटली? या प्रश्नात मोठी क्रांती दडलेली आहे. सामान्य विद्यार्थी टीकाकाराचे उत्तर पाठ करतो. बाई त्याला टीकाकाराच्या आधी उभे करतात. ज्या खड्ड्यापाशी टीकाकार थबकला, तो खड्डा विद्यार्थ्याने स्वतः शोधावयाचा. मग राशी गुरू राहतोच, पण त्याच वेळी त्याच मजकुराशी झुंजणारा एक ज्येष्ठ सहाध्यायीही होतो. श्रद्धा आणि चिकित्सा यांची अशी सांगड आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळली आहे.

सुइणींच्या वचनाबाबत बाईंनी दोन्ही पक्ष मांडून आपला कल मिसरी अर्थाकडे दर्शविला. त्यांचा युक्तिवाद भाषिक आहे. सुइणींनी 'ईश्वराचे भय बाळगले', असे वचनात म्हटले आहे; आणि हा शब्दप्रयोग तोरेत अन्य ठिकाणी परकीयांच्या संदर्भात, दुर्बळाशी त्यांचे वर्तन कसे आहे हे सांगताना येतो. म्हणजे नीतिधैर्य ही कोणा एका समाजाची मिरास नव्हे. हा निष्कर्ष उपदेश म्हणून सांगितला असता तर त्याचे वजन फार नव्हते. तो शब्दांच्या तुलनेतून विद्यार्थ्यानेच काढावयाचा असल्यामुळे त्याला बळ येते.

तरीही या पद्धतीवर आमचा आक्षेप आहे. प्रश्न बाई निवडतात; उत्तराची कक्षाही बहुधा परंपरेतील टीकाकारांच्या मतांनीच आखलेली असते. बेनो याकोब, कासुतो यांच्यासारख्या आधुनिक अभ्यासकांना त्यांनी मोकळेपणाने स्थान दिले; परंतु ग्रंथ कसा घडला, त्यात निरनिराळ्या काळांचे थर आहेत काय, हा ऐतिहासिक चिकित्सेचा प्रश्न त्यांच्या पत्रकांच्या बाहेरच राहिला. ज्या विद्यार्थ्याला टीकाकाराच्या बरोबरीने बसविले, त्याच्यापासून हा एक प्रश्न दूर ठेवण्याचे कारण नव्हते. प्रौढाची बुद्धी जर विश्वासार्ह असेल, तर ती सर्वच प्रश्नांबाबत विश्वासार्ह मानली पाहिजे.

बाईंच्या समाधीवर, त्यांच्याच इच्छेनुसार, नावापुढे एकच शब्द कोरला आहे : 'मोरा', म्हणजे शिक्षिका. त्यांना १९५६ साली इस्रायल पारितोषिक मिळाले होते आणि त्या तेल अवीव विद्यापीठात प्राध्यापकही होत्या.

भाषांतर आणि दैनिक पान

तालमूदची अडचण निराळी आहे. १८८० ते १८८६ या काळात विल्ना येथे छापलेल्या आवृत्तीचे पान प्रमाण मानले जाते. मध्यभागी हिब्रू-अरामी मूळ, एका बाजूस राशी, दुसऱ्या बाजूस 'तोसाफोत' ही टीका. विरामचिन्हे नाहीत, स्वरचिन्हे नाहीत. अशा पानापुढे नवा विद्यार्थी हतबुद्ध होतो. रब्बी आदिन स्टाइनसाल्ट्झ यांनी १९६५ साली स्वर व विरामचिन्हांसह, आधुनिक हिब्रू भाषांतर आणि स्पष्टीकरणे जोडलेली आवृत्ती काढण्यास आरंभ केला आणि २०१० साली ती पूर्ण केली. १९८९ साली कर्मठ धर्मगुरूंच्या एका गटाने त्यांच्या लेखनाचा जाहीर निषेध केला. २०१७ पासून त्यांच्या तालमूदचे हिब्रू व इंग्रजी भाषांतर 'सेफारिया' या संगणकीय ग्रंथालयात कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे.

या आवृत्तीवरील टीकेत दोन निराळे प्रवाह मिसळले आहेत. ते वेगळे केले पाहिजेत. परंपरागत पान मोडले, अनधिकारी माणसांच्या हाती ग्रंथ गेला, या आक्षेपात आम्हांस मक्तेदारीच्या चिंतेपलीकडे फारसे काही दिसत नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच वर्ज्य ठरविले गेले, ते वाचक हा आक्षेप चटकन ओळखतील. दुसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. भाषांतरकाराने विरामचिन्ह दिले, की एक अर्थ ठरला. 'इब्री सुइणी' असे छापले, की दुसरा विग्रह वाचकासाठी नाहीसा झाला; आणि तो नाहीसा झाल्याचेही त्याला कळले नाही. पूर्वीचा गुरू निदान समोर बसलेला असे, त्याला अडवून विचारता येई. भाषांतरात दडलेला गुरू दिसत नाही. म्हणून त्याचा अधिकार अधिक निरंकुश असतो. यावर उपाय भाषांतर नाकारण्याचा नाही. शक्य असलेला दुसरा अर्थ तळटीपेत प्रामाणिकपणे देणे, आणि मूळ शेजारी ठेवणे, हा आहे.

अमेरिकेत फ्लोरेन्स मेल्टन (१९११ ते २००७) या उद्योजिकेच्या नावाने १९८० च्या दशकात सुरू झालेली प्रौढ शाळा याच भाषांतरमार्गाने जाते. पूर्वज्ञानाची अट नाही, परीक्षा नाही. दोन वर्षांचा आखीव क्रम आणि निवडक उताऱ्यांचे संकलन. लाजेमुळे शिक्षणापासून दूर राहिलेल्या माणसांना या शाळेने आत आणले, हे तिचे श्रेय. परंतु संकलन म्हणजे निवड. उतारा कोठे सुरू करावा आणि कोठे थांबवावा, हे ठरविणाराच निम्मा अर्थ ठरवितो.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे 'दाफ योमी', अर्थात रोजचे पान. रब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ साली व्हिएन्ना येथील परिषदेत ही कल्पना मांडली. रोज दोन्ही बाजूंचे एक पान, एकूण २,७११ पाने, सुमारे साडेसात वर्षांत एक आवर्तन. तेरावे आवर्तन जानेवारी २०२० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा जेरुसलेम येथे तीन हजारांहून अधिक जणांचा मेळावा भरला तो स्त्रियांनी केलेल्या अध्ययनाच्या समाप्तीचा. एलिएझरचे मत ज्या मिश्नेत आहे, तीही पाने त्यांनी वाचून पुरी केली होती. येथे निवडीचा दोष नाही. रुक्ष असो, अप्रिय असो, प्रत्येक पान वाचावेच लागते. परंतु पान रोज उलटते. ज्याला एखाद्या वचनापाशी अडून बसावयाचे आहे, त्याला हे वेळापत्रक थांबू देत नाही. या पद्धतीने ग्रंथाशी सहवास घडतो. वाद घालण्यास मात्र सवड उरत नाही.

जोडीने वाचणे

'हवरुता' म्हणजे दोघांनी मिळून मोठ्याने वाचणे, अर्थ लावणे आणि एकमेकांना अडविणे. तिचे मर्म तालमूदमधील एका कथेत आहे. रेश लाकिश हा पूर्वायुष्यात लुटारू होता. रब्बी योहानानच्या सहवासात तो विद्वान झाला. त्याच्या मृत्यूनंतर योहानानला दुसरा सहाध्यायी दिला गेला. तो प्रत्येक विधानाला पुष्टी देणारे वचन काढून दाखवी. योहानान कष्टी झाला. रेश लाकिश आपल्या प्रत्येक विधानावर चोवीस आक्षेप घेत असे, त्यांना चोवीस उत्तरे देताना विषय उजळून निघे. आपण बरोबर आहोत हे आपणांस सांगणारा मनुष्य कशास हवा, असा त्याच्या शोकाचा आशय आहे. या कथेला एक दुःखद पार्श्वभूमीही आहे : योहानाननेच एका वादात रेश लाकिशला त्याच्या पूर्वायुष्यावरून टोमणा मारला होता आणि त्यातून दोघांत कायमची फूट पडली. उशिरा आलेल्याला त्याच्या भूतकाळाची आठवण देणे, हा अध्ययनातील सर्वांत मोठा अपराध होय, हे ती कथा न सांगता सांगते.

आधुनिक वर्गांत हवरुतेचा फार बोलबाला आहे. धोका असा, की ग्रंथाचे अज्ञान सारखेच असलेले दोघे एकमेकांना केवळ आपले अनुभव सांगत बसतात आणि वचन बाजूस पडते. एली होल्झर व ओरित केंट यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात म्हणूनच ग्रंथ हाच जोडीतील तिसरा सहभागी मानला आहे. त्यालाही बोलू द्यावे लागते आणि ऐकावे लागते.

या दिशेने शिकागो येथील 'स्वारा' या संस्थेने २००३ पासून चालविलेला प्रयोग धीट आहे. रब्बी बेने लॅप्पे यांनी तो मुख्यतः लिंगभाव आणि लैंगिकता यांमुळे परंपरेने कडेला लोटलेल्या माणसांसाठी उभा केला. अट एकच : हिब्रू वर्णमाला यावी. भाषांतर वर्ज्य. जोडीने बसावयाचे, प्रत्येक शब्द कोशात पाहावयाचा, आणि मोजक्या ओळी मुखोद्गत होईपर्यंत सोडावयाच्या नाहीत. जो नवखा आहे त्याला सोपे द्यावे, हा सर्वमान्य संकेत येथे मुद्दाम मोडला आहे. त्यामागील विचार असा, की ज्यांना परंपरेने दूर ठेवले त्यांना सार देऊन बोळविणे हा पुन्हा एकदा दूर ठेवण्याचाच प्रकार होय. वेग अर्थातच अत्यंत मंद. सारा तालमूद या गतीने कोणाचाही होणार नाही. परंतु सुइणींच्या वचनातील तो एक स्वर दिसेल तर अशाच डोळ्यांना दिसेल.

मराठी भाषेशी संबंध

या विषयाचा मराठीशीही खरा संबंध आहे. कोकणातील बेने इस्राएल यहुदी समाजाची मातृभाषा मराठी. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण किल्ली त्यांच्या हाती आली. पुढे समाजातीलच जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाचा 'हग्गादा' हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतरासह छापला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली. ऐकणे आणि वाचणे, भाषांतर आणि मूळ, ही दोन्ही अंगे येथे एकत्र नांदली.

या समाजाचे बरेच लोक इस्रायलला गेल्यावर, १९६० च्या दशकाच्या आरंभी, तेथील धर्मपीठाने विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. धर्मशास्त्राच्या अर्थाचा आधार घेऊन त्यांच्या यहुदीपणावर प्रश्नचिन्ह लावले गेले. या मराठी भाषकांनी जेरुसलेममध्ये प्रदीर्घ निदर्शने केली आणि १९६४ साली तेथील संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार एकाच गटाकडे राहिला, तर तो अर्थ इतरांच्या घरादारापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे ठसठशीत उदाहरण आहे.

निष्कर्ष

वरील सर्व पद्धतींत प्रत्येकाने विद्यार्थ्यासाठी काहीतरी सोपे केले आहे. आमच्या मते पद्धतीचे मूल्यमापन तिने काय सोपे केले यापेक्षा काय अवघड ठेवले, यावरून करावे. लिपी, कोश, पुस्तकाची किंमत, वर्गाची वेळ, अज्ञानाची लाज या अडचणी दूर केल्याच पाहिजेत. त्या राखण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. परंतु वचनातील संदिग्धता ही अडचण नव्हे. ती विद्यार्थ्याची मालमत्ता आहे. ती त्याच्यापासून काढून घेणारा शिक्षक कितीही सहृदय असला, तरी विद्यार्थ्याला परावलंबीच ठेवतो.

या दृष्टीने लायबोविट्झ यांचे प्रश्नपत्रक आणि 'स्वारा'ची कोशासह जोडी, या दोहोंचा संयोग आम्हांस सर्वांत आशादायक वाटतो; मात्र ऐतिहासिक चिकित्सेचे दार त्यात उघडे हवे. आठवड्याला एक वचन, शेजारी मूळ, परस्परविरोधी दोन टीका, एक कोश, आक्षेप घेणारा एक सोबती, आणि लिहिलेले उत्तर वाचून परत पाठविणारा एक शिक्षक. यास मोठी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. पत्रक तपासून परत पाठविण्याचे कष्ट तेवढे कोणी तरी वर्षानुवर्षे करावे लागतात, आणि बहुतेक योजना नेमक्या तेथेच थकतात. आपल्या विहारांतून प्रौढांसाठी पालीचे वर्ग चालविणाऱ्यांनी आपल्या योजनेचा विचार करताना प्रथम या शेवटच्या कामाला माणूस शोधावा, असे आम्ही सुचवितो.